पोरीच्या पगारावर अर्धा दावा

कॉलेज सांगतं म्हणून एखादी मुलगी सहा महिने कारखान्यात काम करते, कॉलेजच त्या कामाची नोंद तिच्या गुणपत्रकावर करतं, आणि दोन वर्षांनी त्याच पगाराकडे बोट दाखवून तिची सरकारी मदत कापली जाते. अमेरिकेत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून हे राजरोस चाललं आहे. याला मी अन्याय म्हणते. ‘तांत्रिक बदल’, ‘सूत्रातली सुधारणा’ असले गुळगुळीत शब्द मी वापरणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लोकांचे टॅक्सचे कागद करणं हा माझा धंदा आहे आणि त्याच टेबलावर आपल्या लोकांच्या पोरांचे फाफ्साचे, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचे, अर्जही भरले जातात. त्यामुळे ही मदत कापणारा कायदा कोणाच्या घरात जाऊन काय करतो, ते मी आकड्यांसकट बघितलं आहे.

ज्यांच्या घरी को-ऑप हा प्रकार अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. को-ऑप म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतली फुटकळ नोकरी नव्हे. एक-दोन सत्रं वर्गात बसायचं, मग पूर्ण सत्र, कधी सलग सहा महिने, आपल्या विषयातली पगारी नोकरी करायची, परत वर्गात यायचं, परत नोकरीवर जायचं. पदवी बऱ्याचदा चाराऐवजी पाच वर्षांची होते. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने २७ मुलांवर याची सुरुवात केली. त्याने बघितलं होतं, की हुशार पण गरीब मुलं पोटासाठी कुठेतरी काम करतातच. मग ते काम त्यांच्या शिक्षणाचाच भाग का असू नये? पुढे १९०९ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नने आणि १९१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने हाच मार्ग धरला.

१९१९ हे साल मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात कराड तालुक्यातल्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा व शिका’ हे त्यांच्या शिक्षणाचं सूत्रच होतं. माझे वडील त्याच संस्थेत शिकले. सकाळी शेतात काम, दुपारी वर्ग. त्या कामाच्या बदल्यात त्यांच्या शिक्षणाचा भार हलका झाला. ‘तू गेल्या वर्षी चांगली खुरपणी केलीस, तेव्हा यंदा तुझी फी वाढली,’ असं त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. अमेरिकेत आज नेमकं तेच सांगितलं जातं, आणि जगातला सगळ्यात श्रीमंत देश ते सांगतो.

आता कायद्याकडे येते. केंद्र सरकारची शिक्षणमदत हवी असेल तर फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. घरची कमाई, बचत, कुटुंबाचा आकार यांवरून सरकार एक आकडा काढतं. पूर्वी त्याला ईएफसी म्हणत, आता एसएआय म्हणतात. हा आकडा जितका मोठा, तितकी मदत कमी. जुन्या अर्जात एक ओळ असायची, कॉलेजच्या को-ऑपमधून झालेली कमाई. तिथे रक्कम लिहिली की ती उत्पन्नातून वजा व्हायची. हा पैसा कमाईसाठी म्हणून केलेल्या कमाईचा नाही, हा शिक्षणाचा भाग आहे, एवढी समज त्या ओळीत होती.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने ५,५९३ पानांचं एक अवाढव्य विधेयक मंजूर केलं. त्यात फाफ्सा सोपा करण्याचा कायदा होता. शंभरावर प्रश्नांचा अर्ज छोटा करायचा, हा हेतू चांगलाच होता, कारण ते प्रश्न भरताना रडकुंडीला आलेले आईबाप माझ्यासमोर बसलेले आहेत. पण अर्ज छोटा करताना को-ऑपची ओळ गेली. उत्पन्नातून काय वजा होईल याची जी यादी उरली, तिच्यात शिष्यवृत्तीचा करपात्र भाग आहे, शिक्षणाचे टॅक्स क्रेडिट आहेत आणि फेडरल वर्क-स्टडीची कमाई आहे. को-ऑप नाही.

म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं रचून वर्क-स्टडीखाली मिळालेला पैसा मोजला जात नाही. तो मोजू नयेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच कॉलेजने त्याच मुलीला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कारखान्यात पाठवलं, तर तो पैसा मोजला जातो. हा फरक कशाच्या आधारावर केला, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. अर्ज सोपा करायचा होता तर चौकटी कमी करा, लोकांची मदत का कमी करता?

माझ्या भाचीचे कागद मी स्वतः भरले, म्हणून तिचंच उदाहरण घेते. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा माझ्या अर्जावर इथे आले. भावंडांच्या कोट्यात भारतातून यायला तेव्हा बारा-चौदा वर्षं सहज लागत, तशी त्यांनाही लागली. ‘अमेरिकेतले मराठी’ म्हटलं की डोळ्यांसमोर सॉफ्टवेअरवाले येतात, तसं हे घर नाही. तो गोदामात शिफ्ट करतो, ती इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर उभी असते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साठ हजार डॉलरच्या थोडं वर. न्यू जर्सीत घरभाडं देऊन त्यातून काय उरतं, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

भाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेली. कॉलेजचं नाव मी देत नाही. माहितीच्या सभेत त्यांच्या प्रतिनिधीने सांगितलेलं मात्र देते: को-ऑपमुळे मुलं स्वतःच्या फीला हातभार लावतात. बहिणीने हे वाक्य घरी येऊन मला शब्दशः ऐकवलं होतं, कारण त्याच वाक्यावर तिने ते कॉलेज निवडलं. २०२२ च्या जानेवारीत भाची कनेक्टिकटमधल्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात रुजू झाली. तासाला २० डॉलर, आठवड्याला ४० तास, २६ आठवडे. वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगाराच्या दाखल्यावर, आकडा आला २०,८०० डॉलर. घरात पेढे वाटले गेले. पोरीने वीस हजार डॉलर कमावले, याचा आनंद होऊ नये?

त्या वीस हजारांतून सहा महिन्यांचं खोलीभाडं गेलं. कारखाना शहराबाहेर, बस नाही, म्हणून घेतलेल्या जुन्या गाडीचे पैसे आणि तिचा विमा गेला. स्टीलच्या टोकाचे बूट, खाणं, राज्याचा टॅक्स. शेवटी हातात चारेक हजार उरले. ते तिने बँकेत ठेवले.

फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो, म्हणून २०२२ चा पगार २०२४-२५ च्या मदतीवर आदळला. हिशेब असा. २०,८०० मधून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे साधारण १,५९१ वजा, केंद्राचा आयकर ७८५ वजा. त्या वर्षी पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला ९,४१० डॉलरची सूट होती, ती वजा. राज्याचा टॅक्स वजा होत नाही, नव्या सूत्राने तीही सवलत काढली. भाडं, गाडी, बूट यांना तर सूत्रात जागाच नाही. उरले ९,०१४. त्यातले निम्मे, ४,५०७ डॉलर, ‘ही रक्कम विद्यार्थिनी शिक्षणासाठी देऊ शकते’ म्हणून एसएआयमध्ये चढवले गेले. बँकेत जपून ठेवलेल्या चार हजारांवर आणखी २० टक्के, म्हणजे ८०० डॉलर. हेच पैसे आईच्या खात्यात असते तर जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरले असते. काटकसर करून पैसे स्वतःच्या नावावर ठेवले, याचाही भुर्दंड तिलाच.

तिचा पगार बाजूला ठेवला तर त्या घराचा एसएआय २,५०० च्या आसपास येत होता. त्या वर्षी पेल ग्रँट या केंद्राच्या अनुदानाची कमाल रक्कम ७,३९५ होती, म्हणजे तिला ४,८०० ते ४,९०० डॉलर मिळायला हवे होते. पगार धरल्यावर एसएआय सात हजारांच्या पुढे गेला आणि हातात आलं किमान अनुदान, ७४० डॉलर. चार हजारांवर डॉलर गेले. कॉलेजने त्याच आकड्यावर बोट ठेवून स्वतःच्या अनुदानालाही कात्री लावली, ते वेगळंच. भोक बुजवायला बहिणीने पालकांसाठीचं सरकारी पेरेंट प्लस कर्ज काढलं. त्या वर्षी त्याचा व्याजदर ९.०८ टक्के होता, शिवाय चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. सरकारने एका हाताने अनुदान काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने तेच पैसे व्याजाने दिले. बहिणीने फोन करून विचारलं, “ताई, तिने काम केलं नसतं तर बरं झालं असतं का?” मदतीच्या कागदापुरतं उत्तर ‘हो’ होतं, आणि ते देताना मला संताप आला.

यावर लगेच एक आक्षेप येतो. मुलगी कमावते आहे, मग तिने थोडा भार उचलला तर काय बिघडलं? तिने उचललाच आहे. तो पगार ज्या वर्षी मिळाला, त्याच वर्षी खर्च झाला. दोन वर्षांनी मदत ठरते, तेव्हा ती वर्गात पूर्णवेळ बसलेली असते, पगार शून्य असतो आणि फीचं बिल पूर्ण असतं. नसलेल्या पैशावर हा दावा आहे. आणि दावा किती मोठा आहे तेही बघा. सगळ्या सवलती संपल्यावर तिने कमावलेल्या पुढच्या प्रत्येक डॉलरमधून साधारण १७.६५ सेंट टॅक्समध्ये जातात. उरलेल्याच्या निम्म्याइतकी मदत घटते, म्हणजे आणखी ४१ सेंट. एकूण ५९ सेंट. या देशात अब्जाधीशाच्या उत्पन्नावरचा केंद्राचा सगळ्यात वरचा आयकर ३७ टक्के आहे. गोदामात काम करणाऱ्याच्या पोरीकडून ५९ आणि त्याच्याकडून ३७, हे ज्यांना पटतं त्यांनी समोर येऊन सांगावं.

श्रीमंताच्या मुलाला तर याची झळच लागत नाही. तो त्याच कारखान्यात, त्याच टेबलावर, त्याच पगारावर काम करतो. त्याला मदत मुळात नव्हतीच, तेव्हा कापणार काय? त्याचे वीस हजार त्याचे राहतात. अगदी गरीब घरांना थोडं संरक्षण आहे, हे मी मान्य करते. आईवडिलांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांच्या आत असेल, एकट्या पालकाला २२५ टक्क्यांच्या आत, तर मुलाने कितीही कमावलं तरी पेलची पूर्ण रक्कम मिळते. पण कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानाला हे कवच नाही. मार बसतो तो त्या रेषेच्या थोडं वर असलेल्या घरांना. दोघंही राबतात, ओव्हरटाइम घेतात, म्हणून रेषेच्या वर गेलेली ही घरं. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक घरं अशीच आहेत. आणि याच कायद्याने त्यांच्यावर दुसराही घाव घातला: घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर पूर्वी आईवडिलांचा वाटा दोघांत विभागला जायचा, तेही आता बंद आहे.

कॅलेंडरचा खेळ बघून तर तळपायाची आग मस्तकात जाते. भाचीचं को-ऑप जानेवारी ते जून होतं, म्हणून सगळा पगार एकाच वर्षाच्या टॅक्समध्ये आला. हेच काम ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चमध्ये संपलं असतं तर १०,४०० एका वर्षी आणि १०,४०० दुसऱ्या वर्षी दिसले असते. सूट दोनदा मिळाली असती. पहिल्या वर्षीच्या हिशेबात ४,५०७ ऐवजी शंभराच्याही आत आकडा आला असता, आणि दुसऱ्या वर्षी सूट वाढल्यामुळे काहीच नाही. काम तेच, पगार तोच, गरजही तीच. ड्रेक्सेलसारख्या ठिकाणी को-ऑप दोन फेऱ्यांत विभागलेलं असतं, एक शरद-हिवाळ्याची, एक वसंत-उन्हाळ्याची. मुलाच्या वाट्याला कोणती फेरी आली यावर त्याची मदत हजारो डॉलरनी हलू शकते. गरज मोजणारं सूत्र म्हणायचं ते याला?

यातून वाट काढायला माझ्या धंद्यातले लोक जो सल्ला देतात, तोही ऐका. फाफ्सा निवृत्तीची खाती मोजत नाही, तेव्हा मुलीला सांगा, उरलेले पैसे रॉथ आयआरएमध्ये टाक. सल्ला कायदेशीर आहे आणि नाइलाजाने मीही तो देते. पण वीस वर्षांच्या पोरीने पुढच्या सत्राची पुस्तकं घ्यायचे पैसे म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे, कारण बँकेत दिसले तर मदत जाईल, ही वेळ तिच्यावर आणणाऱ्या नियमाचं समर्थन कसं करायचं? आणि एवढं करूनही फक्त बचतीवरचे २० टक्के वाचतात, पगारावरचे ५० टक्के कापले जातातच.

कायदा करणाऱ्यांना को-ऑप म्हणजे काय हे माहीत नव्हतं, अशीही सबब चालणार नाही. त्याच उच्च शिक्षण कायद्यात, शिक्षणाचा खर्च कसा मोजायचा हे सांगणाऱ्या कलमात, को-ऑपवर गेलेल्या विद्यार्थ्याच्या कामाशी निगडित वाजवी खर्च धरावा असं लिहिलेलं आहे. म्हणजे नोकरीवर जायला खर्च येतो, हे कायद्याला कळतं. पण तो खर्च ज्या वर्षी होतो त्या वर्षाच्या हिशेबात बसतो, आणि पगार दोन वर्षांनी, खर्चाशिवाय, एकटाच हजर होतो.

कॉलेजांची वागणूक मला कायद्याहून जास्त खटकते, कारण त्यांना सगळं माहीत आहे. मदत कार्यालयाला एखाद्या विद्यार्थ्याची परिस्थिती बघून आकडे बदलायचा अधिकार कायद्याने दिला आहे. इथे त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. भाचीसाठी आम्ही तो अर्ज केला. डब्ल्यू-२, भाड्याच्या पावत्या, गाडीच्या विम्याची बिलं, को-ऑप संपल्याचं पत्र, सगळं जोडलं. उत्तर आलं: को-ऑपची कमाई हा कार्यक्रमाचा अपेक्षित भाग आहे, त्यामुळे ही विशेष परिस्थिती ठरत नाही. प्रवेशाच्या वेळी तोच पगार ‘फीला हातभार’ होता. दोन वर्षांनी तोच पगार मदत नाकारायचं कारण झाला. प्रवेश विभाग आणि मदत कार्यालय एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर आहेत. दोघांपैकी एकाने तरी खरं बोलायचं ठरवलं असतं, तर माझ्या बहिणीने निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला असता.

‘आमचे हात बांधलेले आहेत’ असंही एका बाईंनी फोनवर सांगितलं. अर्धवट खरं आहे. हा अधिकार प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून वापरायचा असतो, को-ऑपवरच्या सगळ्यांना सरसकट सूट देता येत नाही. पण अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाचे कागद सहानुभूतीने बघता येतात. आणि केंद्राच्या पैशावर हात बांधलेले असतील तर कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानावर कोणी बांधले? तिथे को-ऑपचा पगार न मोजायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

पुण्या-कोल्हापुराहून एमएसला येणाऱ्या मुलांचे आईबाप मला फोन करतात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. तुमच्या मुलांना केंद्राची मदत नाहीच, तेव्हा ती कापली जाण्याचा प्रश्न नाही. तुमचा सापळा वेगळा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचं को-ऑप सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीखाली, होतं. पूर्णवेळ सीपीटी एकूण बारा महिने किंवा त्याहून जास्त झालं, की त्या पदवीनंतर इथे काम करायचा, म्हणजे ओपीटीचा, हक्क जातो. भारतातल्या बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या मुलाला ओपीटी गमावणं परवडत नाही. तारखा मोजून ठेवा, कॉलेजच्या भरवशावर राहू नका.

आता मागणी. को-ऑपच्या कमाईची वजावट कायद्यात परत आली पाहिजे. हे फक्त काँग्रेस करू शकते, आणि त्यासाठी यादीत वर्क-स्टडीच्या शेजारी एक वाक्य घालायचं आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, ओहायो या राज्यांत को-ऑपवाली मोठी कॉलेजं आहेत आणि मराठी मतदारही आहेत. मंडळाच्या गणेशोत्सवात काँग्रेसचे सदस्य हार घालून घ्यायला येतात, फोटो काढतात. या वर्षी हार घालण्याआधी त्यांच्या हातात हा हिशेब ठेवा: २०,८०० कमावले, ४,५०७ चढवले, पेल ७४० वर आली. विचारा, हे वाक्य परत घालणाऱ्या विधेयकावर सही करणार का, आणि उत्तर कार्यक्रमात, माइकवर मागा.

ज्यांच्या घरी यंदा बारावीतलं पोर आहे, त्यांनी को-ऑपवाल्या प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करावा. को-ऑपचा पगार तुमच्या स्वतःच्या अनुदानात मोजता का, आणि मोजत असाल तर किती टक्के? पगार थांबल्यावर फेरविचाराचा अर्ज आला तर गेल्या वर्षी किती मुलांना हो म्हणालात? को-ऑप कोणत्या महिन्यांत येईल हे मुलाला निवडता येतं का? उत्तर फोनवर घेऊ नका. ईमेलवरच घ्या, तो जपून ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर डिपॉझिट भरू नका.